कॉम्प्युटर वारंवार अडकतो? आधी मेमरी तपासून घ्या

व्यापारी आणि कारागीर बांधवांकडून अलीकडे एक तक्रार वरचेवर ऐकू येते. दुकानातला कॉम्प्युटर बिल बनवता बनवता अडकतो, माऊस हलत नाही, कधी निळा पडदा येतो, कधी मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. मग मेकॅनिक येतो, व्हायरस आहे म्हणतो, विंडोज नव्याने टाकतो, पैसे घेतो आणि जातो. आठ दिवसांनी दुखणे पुन्हा तेच.

पूर्वी कॉम्प्युटर बंद पडला तर आपण बिलबुक काढत होतो आणि धंदा चालू राहत होता. आता तसे राहिलेले नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झाले आणि ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. गठाणी ट्रकमध्ये भरून तयार आहेत आणि मशीन अडकले आहे, म्हणजे ट्रक उभा आणि भाडे चालू. म्हणून या दुखण्याचे एक कारण, जे पुष्कळदा शेवटी तपासले जाते, ते आम्ही येथे मांडत आहोत. ते कारण म्हणजे खराब झालेली मेमरी, जिला बाजारात रॅम म्हणतात.

आमचा तजुर्बा

आम्ही काही इंजिनिअर नव्हे. कपड्याचा धंदा करतो, विणकरांना सूत देतो आणि मजुरीवर ग्रे कापड घेतो. २०२५ साली रमजान ईद आणि हिसाबाचे वर्षअखेर हे दोन्ही एकाच दिवशी, ३१ मार्चला आले होते. त्याच रमजानमध्ये पेढीवरचा कॉम्प्युटर दिवसातून तीन-चार वेळा अडकू लागला. मेकॅनिकने आधी विंडोज टाकली. मग डिस्क गेली म्हणून नवी डिस्क बसवली. तिसऱ्या वेळी तो म्हणाला की बोर्डच बदला. ईदच्या गर्दीत आम्ही तसेच ढकलत राहिलो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नव्या वर्षाचे खाते उघडले. जुन्या वर्षाची बाकी आम्ही साध्या मजकुराच्या फाईलमध्ये काढतो आणि नव्या वर्षात चढवतो. त्या महिन्यात आमच्याकडे अनेक वर्षे माल विणणारे एक बुजुर्ग विणकर हिसाबाला आले. कॉम्प्युटरने त्यांच्या नावे उचल दाखवली ६१,४०० रुपये. त्यांच्या खिशातल्या वहीत होती २१,४००. आम्ही सांगितले, "चाचा, मशीन खोटे बोलत नाही, तुमच्या लिहिण्यात चूक असेल." ते म्हणाले, "बेटा, मी चाळीस हजार कधी घेतले ते तुम्हीच आठवून सांगा." आमच्याकडे उत्तर नव्हते. तरी आम्ही मशीनचा आकडा धरून बसलो. ते चहा न घेता उठून गेले.

चार दिवसांनी आमचा भाचा सुट्टीत घरी आला. तो याच क्षेत्रात नोकरी करतो. त्याने सगळी हकिकत ऐकून एकच विचारले, "मामू, डिस्क बदलली, विंडोज बदलली, पण मेमरी कुणी तपासली का?" कुणीच तपासली नव्हती. त्याने रात्रभर तपासणी लावली. सकाळी पडद्यावर चुकांच्या लाल ओळींची रांग होती. मशीनमध्ये रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, त्यातली एक खराब निघाली. डिस्क चांगली होती, बोर्डही चांगला होता.

मेमरी म्हणजे काय

दुकानाची मिसाल घ्या. डिस्क म्हणजे गोदाम. तिथे माल वर्षानुवर्षे राहतो, वीज गेली तरी जागेवर असतो. रॅम म्हणजे गादीसमोरची मोकळी जागा, जिथे तागे उलगडून गिऱ्हाइकाला दाखवतो, मोजतो, कापतो. काम सगळे तिथेच होते. काम झाले की माल पुन्हा गोदामात. कॉम्प्युटरही प्रत्येक बिल, प्रत्येक आकडा आधी रॅममध्ये आणतो, तिथे त्यावर काम करतो आणि मग डिस्कवर ठेवतो. म्हणून रॅममध्ये बिघडलेला आकडा डिस्कवरही बिघडलेलाच जातो.

या रॅमची रचना आयबीएम कंपनीतले रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ साली शोधली. एकेका अतिसूक्ष्म खान्यात विजेचा भार ठेवायचा, भार असेल तर एक, नसेल तर शून्य. हा भार गळत राहतो, म्हणून मशीन प्रत्येक खाना सेकंदाच्या छोट्याशा भागात, साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत, पुन्हा भरत राहते. आठ जीबीच्या एका पट्टीत असे सुमारे ६,८७० कोटी खाने असतात. त्यातला एखादा कमजोर झाला, भार धरेनासा झाला, की तिथे एकाचे शून्य किंवा शून्याचे एक होते.

एवढ्याने काय बिघडते? मजकुराच्या फाईलमध्ये प्रत्येक अंक आठ शून्य-एकांत लिहिलेला असतो. २ हा अंक असा असतो: ००११००१०. आणि ६ हा असा: ००११०११०. दोघांत फरक फक्त एका जागेचा. एक खाना चुकला की २१,४०० चे ६१,४०० होतात. आमच्या विणकराच्या खात्यात नेमके हेच झाले असे हलफ उचलून सांगता येत नाही. पण ३१ मार्चच्या छापील यादीत त्यांची बाकी २१,४०० होती, मधल्या काळात त्या खात्याला कुणी हात लावला नव्हता आणि नव्या वर्षात ती ६१,४०० झाली होती.

आकड्याच्या जागी जर प्रोग्रॅमची एखादी सूचना त्या खान्यात असेल, तर मशीन भलतीकडे जाते आणि अडकते. म्हणजे अडकणे आणि चुकीचा आकडा ही एकाच रोगाची दोन रूपे आहेत. अडकणे दिसते तरी. चुकीचा आकडा दिसत नाही, म्हणून तो जास्त घातक.

लक्षणे कशी ओळखावी

अडकण्याची कारणे बरीच असतात. लक्षणे नीट पाहिली तर निम्मे काम घरीच होते.

मेमरीचा संशय केव्हा घ्यावा: बिघाड प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी होतो, कधी बिल करताना, कधी छपाई करताना, कधी मशीन नुसते उभे असताना. निळ्या पडद्यावर दर वेळी वेगळा संदेश येतो, एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. नवी विंडोज टाकतानाच मध्ये फाईल खराब असल्याचे सांगून काम थांबते. दाबून लहान केलेली फाईल उघडताना चूक दाखवते, पण तीच फाईल दुसऱ्या मशीनवर नीट उघडते. बटण दाबल्यावर पंखा फिरतो, पडदा काळाच राहतो आणि आतून बीप-बीप आवाज येतो.

दुसरे कारण केव्हा समजावे: मशीन अडकत नाही, फक्त हळू चालते, तर रॅम खराब नसून कमी असेल किंवा डिस्क जुनी असेल. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. डिस्कमधून टकटक आवाज येतो आणि ठराविक फाईल उघडतच नाही, तर डिस्क पाहा. मशीन दिवा विझावा तसे एकदम बंद होते, तर पॉवर सप्लाय किंवा गरम झालेला प्रोसेसर पाहा. एकच प्रोग्रॅम नेहमी एकाच ठिकाणी बंद पडतो, तर दोष त्या प्रोग्रॅमचा.

एक वही मशीनजवळ ठेवा. तारीख, वेळ, त्या वेळी काय चालू होते आणि पडद्यावर काय लिहून आले, हे आठवडाभर लिहा. विंडोज स्वतःही नोंद ठेवते. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केले की रोजच्या बिघाडांची यादी तारीखवार दिसते.

तपासणीची पद्धत

पहिली गोष्ट, हिसाबाची प्रत. ती नव्या पेनड्राइव्हवर घ्या. जुन्या चांगल्या प्रतीवर नवी प्रत चढवू नका. मशीन आजारी असताना घेतलेली प्रतही आजारी असू शकते. शक्य असेल तर डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या मशीनला लावून प्रत घ्यावी. आणि मेमरी तपासून होईपर्यंत विंडोज नव्याने टाकू नका, डिस्क दुरुस्तीचा प्रोग्रॅमही चालवू नका. खराब मेमरीतून दुरुस्ती केली तर चांगल्या फाईलीही बिघडतात. आमच्याकडे हीच चूक दोनदा झाली.

दुसरी पायरी फुकट आहे. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि आर दाबा, मग एम, डी, एस, सी, एच, ई, डी ही अक्षरे टाइप करून एंटर दाबा. विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी येते. मशीन पुन्हा सुरू होऊन तपासणी चालू झाली की एफ-१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडा आणि एफ-१० दाबा. निकाल विंडोज उघडल्यावर दिसतो. दिसला नाही तर 'इव्हेंट व्ह्यूअर'च्या 'सिस्टिम' विभागात मेमरी डायग्नॉस्टिक्सच्या नावाने सापडतो. या तपासणीत चूक निघाली तर दोष पक्का धरा. चूक नाही निघाली तर मेमरी चांगलीच आहे असे मात्र धरू नका.

तिसरी पायरी म्हणजे 'मेमटेस्ट ८६' किंवा 'मेमटेस्ट ८६ प्लस'. हे प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता चालतात, म्हणून जवळजवळ सगळी मेमरी तपासली जाते. पहिल्याची मोफत आवृत्ती मिळते, दुसरा तर पूर्ण मोफत आहे. पेनड्राइव्ह रिकामा घ्या, कारण त्यावरचे सगळे पुसले जाते. दुकान वाढवताना तपासणी लावा आणि सकाळी पाहा. निदान चार फेऱ्या होऊ द्या. येथे सूट नाही. एक चूक निघाली तरी मेमरीवर भरवसा ठेवता येत नाही. ताग्यात एखादी गाठ चालते, मेमरीत एकही चालत नाही.

चूक निघाली म्हणून लगेच पट्टी फेकू नका. जुळवलेल्या मशीनमध्ये कधी कधी रॅम जास्त वेगाने चालवण्याची सेटिंग चालू असते. तिला 'एक्सएमपी' किंवा 'एक्सपो' म्हणतात. बायोसमध्ये जाऊन ती बंद करा आणि पुन्हा तपासा. चुका थांबल्या तर पट्टी साध्या वेगाने चालवता येईल.

चौथी पायरी, एकेक पट्टी. मशीन बंद करा, वायर काढा, बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. सिंथेटिक कपड्यात काम करणाऱ्यांनी हे विसरू नये, कारण त्या विजेने रॅम मरते. दोन्ही टोकांच्या क्लिपा दाबून पट्टी काढा. सोनेरी दातांवर मळ असेल तर मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि कोरड्या मऊ कपड्याने कण झटका. खाचेतली धूळ ब्लोअरने काढा. मग एकच पट्टी बसवा, क्लिपा खट्‌ वाजेपर्यंत दाबा आणि तपासणी लावा. ती काढून त्याच खाचेत दुसरी बसवा. शेवटी चांगली ठरलेली पट्टी दुसऱ्या खाचेत लावून पाहा.

निकाल असा वाचावा. चूक पट्टीबरोबर फिरते, तर पट्टी खराब. पट्टी कुठलीही असो, चूक एकाच खाचेत येते, तर बोर्डाची खाच खराब. सगळ्या पट्ट्या सगळ्या खाचांत चुका देतात, तर प्रोसेसर, बोर्ड किंवा पॉवर सप्लाय पाहावा. साफ करून बसवल्यावर चुका थांबल्या, तर फक्त सांधा सैल होता. हे पुष्कळ वेळा होते आणि त्याचा खर्च शून्य.

काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. ती अशी काढता येत नाही. तिथे तपासणीचा निकाल घेऊन जाणकाराकडेच जावे.

आपल्या भागात मेमरी का बिघडते

यंत्रमागांच्या गावात हवेत कापसाचा फुफाटा असतो. तो पंख्यात आणि खाचांत बसतो, हवा अडते, मशीन तापते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तापलेल्या खान्यातला भार लवकर गळतो, म्हणून सकाळी नीट चालणारे मशीन दुपारी अडकते. तपासणी एकदा भर दुपारीही लावून पाहावी. त्यात विजेचे वर-खाली होणे आणि अचानक जाणे. यूपीएस आणि दर तीन महिन्यांनी सफाई हा खर्च नुकसानीपेक्षा कमीच पडतो.

चांगल्या पट्टीतही क्वचित चूक होऊ शकते. १९७८ साली इंटेल कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की चिपच्या वेष्टनातल्या किरणोत्सारी अंशामुळेही खाने बदलतात. २००९ साली गूगलच्या हजारो मशीनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या. म्हणून ज्यांच्या पेढीवर एका मशीनवर दहा जण काम करतात, त्यांनी ईसीसी मेमरीचे मशीन घ्यावे. त्यात ६४ जागांबरोबर आठ जागा पडताळणीसाठी जास्त असतात. एका जागेची चूक मशीन स्वतः सुधारते, दोन जागांची चूक असेल तर सांगते. मात्र त्यासाठी बोर्ड आणि प्रोसेसरही तसाच लागतो.

खरेदी करताना

डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या वेगवेगळ्या जाती आहेत. एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही, जबरदस्ती करू नका. जुनी पट्टी बरोबर घेऊन जा. जीएसटीचे पक्के बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. नामांकित कंपन्या रॅमवर बरीच वर्षे वॉरंटी देतात, जुने बिल सापडले तर खराब पट्टी बदलून मिळू शकते. नवी पट्टीही पहिल्याच रात्री तपासा, म्हणजे दुकानदाराकडे परत नेता येईल. मेकॅनिक बोर्ड किंवा डिस्क बदला म्हणाला तर नम्रपणे विचारा, "भाई, मेमरीची तपासणी केली का? निकाल दाखवा." जो कारागीर काम जाणतो तो या प्रश्नावर रागावत नाही.

पट्टी बदलली म्हणजे काम संपले नाही

नवी पट्टी पुढच्या चुका थांबवते. मागे लिहिलेल्या चुका डिस्कवर तशाच राहतात. त्यामुळे मशीन कधीपासून अडकत होते ती तारीख काढा. त्याआधीची चांगली प्रत शोधा. त्यानंतरच्या नोंदी बिलबुक, बँकेचा उतारा आणि भरलेल्या जीएसटी रिटर्नशी ताडून पाहा. प्रत्येक खातेदाराची बाकी त्याच्याशी समोर बसून जुळवा. आम्हाला या कामाला बारा दिवस लागले. आणखी दोन खाती चुकीची निघाली, एक आमच्या फायद्याची आणि एक तोट्याची.

कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा हिसाब लिहून ठेवण्याबद्दल आहे. तिथे लिहिण्याबरोबर साक्षीदारही सांगितलेले आहेत. आम्ही लिहिण्याचे काम मशीनवर सोपवले आणि साक्षीदार ठेवायला विसरलो. आता दर शुक्रवारी खतावणीची यादी छापून फाईलला लावतो आणि विणकराच्या वहीत आमच्या हाताने बाकी लिहून सही करतो.

त्या बुजुर्गांच्या घरी आम्ही स्वतः गेलो. छापील यादी त्यांच्यासमोर ठेवली, माफी मागितली आणि बाकी २१,४०० लिहून दिली. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "बेटा, मशीन आहे, चुकणारच. तुम्ही मशीनचे ऐकले, माझे ऐकले नाही, याचे वाईट वाटले." त्यांचा माल आजही आमच्याकडे येतो, अल्हम्दुलिल्लाह.

ज्या बांधवांच्या पेढीवर मशीन अडकत असेल, त्यांनी आज रात्रीच तपासणी लावावी. आणि मशीनचा आकडा व माणसाची वही यांत फरक पडला, तर आधी मेमरी तपासावी, मगच माणसावर संशय घ्यावा.